घरात कुत्रा-मांजर असताना संकटातून सोडवलेला पक्षी येणार असेल, तर आधी काय काय करून ठेवायचं

तयारीची सुरुवात पिंजऱ्यापासून नको, दारापासून करा. घरात अशी एक खोली हवी, जिचं दार घट्ट लागतं, ज्याला कडी आहे आणि जे मांजराला पंजाने ढकलून उघडता येत नाही. अशी खोली नसेल तर पक्षी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी दुसरं घर शोधा, त्याच्या औषधपाण्याला हातभार लावा, तीही मदतच आहे.

दारावर एवढा भर देण्याचं कारण मांजराच्या तोंडात असतं. पाश्चुरेला नावाचे जिवाणू बहुतेक मांजरांच्या तोंडात राहतात. मांजराला त्यांचा त्रास होत नाही, पण पक्ष्याच्या रक्तात ते शिरले तर एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. त्यासाठी मोठी जखम व्हावी लागत नाही. अंग चाटून लाळ लागलेल्या नखाचा ओरखडाही पुरतो, आणि तो पिसांखाली दिसतसुद्धा नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा: मांजराने पक्ष्याला तोंड किंवा पंजा लावला असेल, तर रक्त दिसो वा न दिसो, वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. प्रतिजैविक काही तासांत सुरू झालं तरच उपयोग होतो.

म्हणजे पहिली नोंद दार, आणि दुसरी डॉक्टर. पक्षी घरी यायच्या आधीच त्याची पहिली तपासणी ठरवून ठेवा. कुत्र्या-मांजरांना पाहणारा प्रत्येक पशुवैद्य पक्षी पाहतोच असं नाही, त्यामुळे ‘तुम्ही पोपट, बजी नेहमी तपासता का?’ असं थेट विचारा (बजी म्हणजे बजरिगर, छोटा पाळीव पोपट). रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोण उपलब्ध असतं, तेही विचारा आणि तो नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. पहिल्या भेटीत विष्ठेची तपासणी, चोच आणि नखं, अंगावरचं मांस आणि सिटाकोसिस या पक्ष्यांच्या जिवाणूजन्य आजाराची चाचणी या गोष्टी बोलून घ्या. सिटाकोसिस माणसांनाही होतो. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा फुप्फुसाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना ते आधीच कळवा.

पक्षी कुठून आला, हेही याच सुमारास तपासा. पायात कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्या, मायक्रोचिप (त्वचेखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. तो उडून आलेला असेल तर कुणीतरी त्याला शोधत असेल. ती जात पाळायला कायद्याची परवानगी आहे का, कागदपत्रं लागतात का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आफ्रिकन ग्रे पोपट 2017 पासून साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधनं आहेत. पाळीव नसलेला, रानातला जखमी पक्षी असेल तर तो घरी ठेवायचाच नाही, वन्यजीव बचाव केंद्राकडे द्यायचा.

आता ती खोली. घरात आधीचा पक्षी असेल तर नव्याला किमान 30 दिवस, जमल्यास 45 दिवस पूर्ण वेगळं ठेवायचं. वेगळा पिंजरा एवढंच पुरत नाही, हवाही वेगळी हवी. भांडी वेगळी, फडकी वेगळी. काम करताना आधी जुना पक्षी, मग नवा, आणि नंतर हात धुऊन कपडे बदलायचे. पिसं आणि चोच खराब करणारा विषाणू पिसांच्या भुकटीतून पसरतो आणि पृष्ठभागांवर बराच काळ टिकतो, म्हणून जुन्या पक्ष्याचा उरलेला पिंजरा नव्यासाठी सहज वापरून टाकू नका. घरात दुसरा पक्षी नसला तरी हे दिवस वाया जात नाहीत. त्या काळात नवा पक्षी तुमचे आवाज ओळखतो आणि बाकीच्या प्राण्यांना त्याचा वास, त्याची किलबिल दाराआडून सवयीची होते.

पिंजरा एका बाजूने भिंतीला टेकलेला असावा. चारही बाजूंनी उघडा असेल तर पक्ष्याला पाठ सुरक्षित वाटत नाही. आतला एक कोपरा कापडाने झाकून ठेवा, त्याला नको असेल तेव्हा दिसेनासं होता आलं पाहिजे. गजांमधलं अंतर बजीसाठी सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. मोठं असलं तर डोकं अडकतं आणि मांजराचा पंजाही आत जातो. स्टँड हलवून बघा: कुत्रा धडकला किंवा मांजराने वरून उडी मारली तर पिंजरा कलंडतो का? कलंडत असेल तर तो भिंतीला बांधा. दाराला साधी कडी पुरत नाही, पोपट ती चोचीने उघडतात. छोटं कुलूप किंवा हुक घाला. गंजलेले गज आणि जस्ताचा मुलामा निघालेली तार नको, जस्त आणि शिसं पक्ष्यांना विषारी आहेत. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, शक्यतो नैसर्गिक लाकडाच्या असू द्या, सगळ्या एकसारख्या असल्या तर तळपायाला फोड येतात.

स्वयंपाकघराजवळची खोली टाळा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला कदाचित जाणवणारही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्याही असतात आणि त्याचा श्वास आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असतो, त्यामुळे हवेतलं विषही तेवढंच पटकन आत जातं. फवारे, सुगंधी मेणबत्त्या, धूर, रंगाचा वास हे सगळं त्याच्या खोलीत बंद. कुत्र्या-मांजरांच्या घरांत एक गोष्ट हमखास विसरली जाते: पिसवा मारण्याचा फवारा. तो पक्ष्याच्या खोलीजवळ वापरायचा नाही, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने पक्ष्याला उचलायचं नाही.

खाणं दोन्हीकडून तपासा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा पक्ष्याला नको. उलट पक्ष्याच्या वाटीतून सांडलेली द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषारी आहेत, आणि पोपट जेवढं खातो त्याहून जास्त खाली टाकतो. म्हणून पिंजऱ्याखाली कुत्रा पोहोचणार नाही अशी व्यवस्था हवी. सांडलेले दाणे रोज झाडा, नाहीतर उंदीर येतात. खुल्या माशांच्या टाकीवर झाकण बसवा, पंखा बंद करायची सवय लावा, खिडक्यांना जाळी लावा.

सोडवलेला पक्षी आतापर्यंत काय खात होता, ते आधीच्या माणसांकडून विचारून तेच आणून ठेवा, निकृष्ट असलं तरी. फक्त दाण्यांवर जगलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे त्याचं खाणं बदलायचंच आहे. पण घर बदलल्याच्या आठवड्यात नाही. अनोळखी गोष्ट खायची आहे हे त्याला कळतच नाही, आणि छोटा पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहू शकतो.

यानंतर घरातल्या जुन्या प्राण्यांची तयारी, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पक्षी यायच्या आधी कुत्र्याला ‘सोड’ आणि ‘जागेवर’ हे दोन हुकूम पक्के यायला हवेत, समोर आवडीचं काही असतानाही. रिकामा पिंजरा काही दिवस आधीच खोलीत ठेवा, पक्ष्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग हळू लावा, कुत्रा शांत राहिला की खाऊ द्या. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा मला गप्प कुत्र्याची काळजी जास्त वाटते. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली आणि बोलावलं तरी कान न हलवणारा कुत्रा शिकारीच्या तंद्रीत असतो. पाठलागासाठीच पैदास झालेल्या जातींमध्ये ही ओढ फार जोरदार असते, आणि काही कुत्र्यांची ती कितीही शिकवून जात नाही. त्या घरात दार कायमचं बंद राहील, हे मान्य करूनच पुढे जा. मांजराला ‘नको’ शिकवण्यावर भिस्त ठेवू नका. तिला पक्ष्याच्या खोलीऐवजी बसायला दुसरी उंच जागा आणि दुसरी खिडकी द्या. ससा, गिनी पिग यांना वेगळं ठेवा, साप असेल तर त्याच्या पेटीचं झाकण तपासा.

पहिली भेट पक्षी पिंजऱ्यात, कुत्रा फिरून दमलेला आणि पट्ट्यात, मध्ये बरंच अंतर, आणि वेळ एक-दोन मिनिटं. त्या वेळी कुत्र्याकडे नाही, पक्ष्याकडे बघा. पिसं अंगाला घट्ट चिकटवून तो लांब, बारीक झाला आहे, चोच उघडी ठेवून श्वास घेतोय, शेपूट श्वासाबरोबर खालीवर होतेय, किंवा अगदी स्तब्ध बसलाय. लोक त्या स्तब्धतेला ‘रुळला’ म्हणतात. तो रुळलेला नसतो, घाबरून थिजलेला असतो. शिकार होणारा प्राणी शिकाऱ्याच्या समोर हलत नाही, आणि दुखणंही लपवतो. यातलं काहीही दिसलं तर भेट तिथेच थांबवा. कुत्रा-मांजर आणि पक्ष्याची मैत्री व्हावी ही अपेक्षा यादीतून आत्ताच खोडा. एकमेकांकडे दुर्लक्ष करायला शिकले, तर तेवढं यश पुरेसं आहे. पक्षी बाहेर मोकळा असेल तेव्हा बाकीचे प्राणी दाराच्या दुसऱ्या बाजूला, ते कितीही शहाणे असले तरी.

पुढची व्यवस्था कागदावर लिहा. बजी साधारण 5 ते 10 वर्षं जगतो, कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) 15 ते 20, आफ्रिकन ग्रे 40 हून जास्त. तुमच्यानंतर किंवा तुम्ही आजारी असताना तो कोणाकडे जाईल, त्या माणसाला विचारूनच त्याचं नाव लिहा.

प्रवासाला छोटा, अंधारा, हवेशीर डबा; त्यात पाण्याची वाटी नाही, रसाळ फळाचा तुकडा. येण्याच्या दिवशी पाहुणे नकोत. खोलीत टॉवेल आणि रक्त थांबवायला कॉर्नफ्लोर ठेवा. रात्री 10 ते 12 तासांची झोप मिळायला हवी. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात, त्यांना मंद दिवा लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, विष्ठा टाकल्यावर आणि खायच्या आधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन घ्या. हाताला येत नसेल तर डब्यासकट तोला आणि डब्याचं वजन वजा करा. मग रोज त्याच वेळी लिहीत जा, आणि एक दशांश वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.