ऑनलाइन तासाला दुसऱ्याचं पुस्तक वापरताना

‘पुस्तकातला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग घेतला तर चालतं’ आणि ‘खाली साभार लिहा की झालं’, हे दोन्ही सल्ले आधी डोक्यातून काढा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकासाठी टक्केवारी नाही, आणि साभार म्हणजे परवानगी नव्हे.

आधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा. त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता खुशाल वापरा. नागपूरच्या रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्या गझलांवर २०६३ अखेरपर्यंत हक्क आहे.

हक्क शाबूत असेल तर कलम ५२(१)(आय) तुमच्या कामाचं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्यालाही तीच सूट. पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स संचांवरून प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं की शिकवणं वर्गातल्या तासापुरतं नसतं, आणि किती पानं घ्यायची ते शिकवण्याच्या गरजेवर ठरतं. अभ्यासक्रमात एक प्रकरण असेल तर एकच प्रकरण स्कॅन करा.

खरी अडचण लिंकची. गोंदिया-गडचिरोलीच्या मुलांसाठी मी एक प्रकरण गूगल ड्राइव्हवर टाकलं आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय तसाच राहू दिला. आठवडाभरात ती पानं शहरातल्या एका खासगी क्लासच्या ग्रुपवर, वर त्यांचाच शिक्का. प्रकाशकाचा फोन आला तो मला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण सूट शिक्षक आणि त्याच्या विद्यार्थ्यासाठी आहे, वाटेल त्यासाठी नाही.

तेव्हापासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचा ईमेल मी एकेक करून घालते. साठ जणांना अर्धा तास लागतो, लागू दे. डाउनलोड बंद. परीक्षा झाली की फाइल काढून टाकते. रेकॉर्डिंगमध्ये पुस्तकाची पानं दिसत असतील तर ते यूट्यूबवर नकोच. ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, ठेवा असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. लिंक एकाने पुढे पाठवली की तीच गत. सगळ्यांसाठी व्हिडिओ हवाच असेल तर पानं न दाखवता, आपल्या शब्दांत समजावून वेगळा करा.

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर मात्र हात आखडू नका. त्याच्या अभ्यासासाठी अख्खं पुस्तक वाचून रेकॉर्ड करायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. मी आतापर्यंत दोन पुस्तकं केली, उन्हाळ्यात पहाटे, कूलर बंद ठेवून.