शॉटगनवर रेड डॉट बसवलात, पण दस्त्याचं काय? या चुका टाळा

"बंदूक खांद्याला लावली की टिपकाच सापडत नाही." बारा बोरवर नवा रेड डॉट (काचेत लाल टिपका दाखवणारी साईट) चढवलेल्यांची पहिली तक्रार हीच असते. मग माणूस साईट बदलतो, रेल (साईट बसवायची पट्टी) बदलतो, दुकानदाराशी हुज्जत घालतो. खांद्याला लागणाऱ्या दस्त्याकडे मात्र कुणी बघत नाही.

आपल्याकडे गोव्यात सत्तरी, सांगे, केपे भागात पीक-राखणीच्या परवान्यावरच्या ज्या बंदुका आहेत, त्यांचे दस्ते मक्षिकेने (नळीच्या टोकावरच्या मण्याने) नेम धरण्यासाठी घडवलेले आहेत. गाल टेकला की डोळा नळीच्या वरच्या कडेशी येतो. अशा बंदुकीत मागची साईट म्हणजे तुमचा डोळाच. रेल लावून त्यावर रेड डॉट बसवला की बघायची रेषा सहज २० ते ३० मिमी वर जाते. रिसीव्हरवर (नळीमागच्या यंत्राच्या भागावर) थेट बसणारी छोटी साईट असेल तर फरक कमी पडतो, पण पडतोच. दस्ता जिथल्या तिथे राहतो. मग मान उचलावी लागते, गाल सुटतो आणि दस्त्याला फक्त हनुवटी टेकते. बार उडाला की तोच दस्ता जबड्यावर बसतो.

"डोळा कुठेही असला तरी चालतं"

हे अर्धंच खरं आहे. टिपका काचेत कुठेही दिसत असला तरी छर्रे जवळपास तिथेच जातात, ही रेड डॉटची खरी सोय. पण त्यासाठी टिपका आधी काचेत दिसायला हवा. मक्षिकेच्या बंदुकीत दस्त्याची उंची बदलली की मार वर-खाली होतो. रेड डॉटमध्ये मार ठरतो तो साईटच्या स्क्रूंवर. दस्त्याचं काम उरतं ते डोळा दर वेळी त्याच जागी आणून ठेवायचं. म्हणून मार खाली जातोय म्हणून दस्ता उंच करत बसणं आणि टिपका दिसत नाही म्हणून साईटचे स्क्रू फिरवणं, दोन्ही उद्योग चुकीचे.

टिपका कुठे पळतो ते बघा

बंदूक रिकामी आहे हे उघडून, बोट घालून तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. डोळे मिटा, नेहमीसारखी बंदूक खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा आणि मग डोळे उघडा. मान हलवायची नाही. पाच-सहा वेळा करा, म्हणजे अंगाची खरी सवय कळेल.

टिपका काचेच्या खालच्या कडेला असेल किंवा खाली गायब झाला असेल, तर डोळा खाली पडतोय आणि गालाखालची कड वाढवायला हवी. वरच्या कडेला असेल तर कड जास्त झाली आहे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला टिपका डावीकडे दिसत असेल तर दस्ता गालाशी जाड पडतोय आणि डोळा डावीकडे ढकलला जातोय. उजवीकडे असेल तर चेहरा दस्त्यावर जास्तच ओणवा होतोय. एवढ्या एका खुणेवरून बऱ्याच तक्रारींचं मूळ सापडतं, आणि त्यासाठी एकही काडतूस फुकट जात नाही.

पॅड लावायची घाई

गालाखालची कड वाढवणारा तयार पॅड विकत आणून चिकटवण्याआधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. एकावर एक ठेवून विजेच्या कामाची काळी टेप गुंडाळा. एका वेळी दोन-तीन मिमी वाढवा आणि डोळे मिटून पुन्हा बघा. टिपका आपोआप काचेच्या मध्ये येऊ लागला की पुठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजा आणि तेवढाच पॅड घ्या. डोक्याचा भार किती पडतो हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याचं माप तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पुढची चूक मी फार जवळून पाहिली आहे. एका बागायतदाराचा पॅड उंचीला बरोबर होता, तरी चार-पाच बारांनंतर गाल लाल व्हायचा. पॅडवर सरळ पट्टी धरली तेव्हा दिसलं, की तो पुढे जाड आणि मागे उतरता होता. धक्क्याने बंदूक मागे येते, तेव्हा पुढचा उंच भाग पाचरीसारखा गालाखाली शिरतो. पॅडची वरची कड नळीला समांतर हवी. पुढे किंचित खाली असली तरी चालेल, पण वर नको. त्याने पॅड सोलून समांतर केला आणि गालाची तक्रार संपली.

काही जण गालाची कड न वाढवता बंदूकच खांद्यावर वर सरकवतात. टिपका दिसतो, पण दस्त्याचं अर्धं बूड खांद्याच्या वर उघडं राहतं आणि सगळा धक्का खालच्या टोकावर येतो. काळानिळा डाग दस्त्याच्या खालच्या टोकापाशीच उठत असेल तर हेच घडत असू शकतं.

लांबीबद्दल थोडक्यात. चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत साधारण १४ ते १४.५ इंच असा कारखान्यातला दस्ता असतो. गाल टेकल्यावर अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं की पुरे. आपण बहुतेक वेळ पातळ सुती शर्टात असतो, पावसात त्यावर रेनकोट चढतो. दोन्ही कपड्यांत तपासा. कापून दस्ता आखूड करायच्या भानगडीत पडू नका, बुडाला पातळ स्पेसर घालून किंवा काढून लांबी जमवा.

आपला पाऊस

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो. चिकटवलेला पॅड घामाने आणि दमटपणाने सुटतो, आणि पट्ट्याने बांधलेल्या पॅडखाली ओल धरून लाकूड काळं पडतं. पावसाळ्यात पॅड काढून, दस्ता पुसून, सुकवूनच ठेवा. बारा बोरच्या धक्क्याने रेलचे स्क्रूही ढिले होतात. उत्पादकाने सांगितलं असेल तेवढंच आवळा, काढता येणारा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा आणि स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. दस्ता न बदलता मार अचानक सरकला तर आधी ही रेघ बघा.

जुन्या दुनळीला रेलसाठी भोकं पाडायचं काम गावच्या लेथवाल्याकडे कधीही नेऊ नका. नळीचा पत्रा पुढे पातळ होत जातो, चुकीच्या जागी पडलेलं भोक जिवावर बेतू शकतं. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. आणि पीक-राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा रेड डॉट असो-नसो तसाच लागू राहतो.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली, तर आधी साईटची बॅटरी काढून घ्या. परत आल्यावर रंगाची रेघ, पॅडखालचं लाकूड आणि डोळे मिटून टिपका, या क्रमाने तपासा. मग रेंजवर मोठ्या कागदावर तीन बार काढून छर्ऱ्यांच्या घोसाचा मध्य टिपक्याशी जुळतो का ते बघा.