कोऱ्या लग्नपत्रिका घरीच छापताना

दुकानातून गणपतीचं चित्र असलेल्या कोऱ्या पत्रिकांचं पाकीट आणलं, घरच्या प्रिंटरवर लावलं की हमखास मजकूर तिरका जातो, नाहीतर ‘श्री गजानन प्रसन्न’ थेट सोंडेवर. चार-पाच कार्डं अशी वाया गेली की ऐनवेळी पाहुण्यांना कमी पडतात.

1. कार्ड पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि फाईलमध्ये तेच माप टाका. एफोर ठेवून अंदाजाने मजकूर सरकवत बसू नका.
2. फाईल पीडीएफ करा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात, ती भानगड टळते.
3. साधा कागद कार्डाच्या मापाचा कापून त्यावर आधी छापा. तो कार्डावर ठेवून खिडकीच्या काचेला लावा. मजकूर कुठे बसतोय ते आरपार दिसतं.
4. छापताना ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडा. ‘फिट टू पेज’ने सगळं बिघडतं.
5. कागदाचा प्रकार जाड निवडा, मागचा ट्रे असेल तर तोच वापरा आणि कार्डं एकेक करून घाला.

काचेला लावलेला तोच कागद घरातल्या मोठ्यांना वाचायला द्या. नावांचा क्रम, तिथी, मुहूर्त यातली चूक त्यांनाच सापडते!

ओलं हळद-कुंकू लागलं की इंकजेट प्रिंटरची शाई पसरते. म्हणून कोपरे मोकळे ठेवा आणि हळद-कुंकू लावण्याआधी कार्डं रात्रभर सुटी पसरून वाळवा. चकचकीत कार्ड तर इंकजेटसाठी घेऊच नका, शाई बोटाला येते.