चंद्रावर पाऊस, किंवा जुन्या पेपरचे मथळे वाचून घर हसवायचं कसं

माझी भाची 21 जुलै 1969 ची. त्या सकाळी भारतीय वेळेनुसार 8 वाजून 26 मिनिटांनी आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला आणि दुपारी ही आली. मी तिचा मामा, म्हणून मी तिला आजही अपोलो म्हणतो. 2019 मध्ये तिची पन्नाशी झाली तेव्हा केक, फुगे वगैरे तिच्या मुलांनी बघितलं. माझ्या वाट्याला आला एक जुना पेपर. तीस वर्षं मुद्रितशोधकाची नोकरी केलेल्या माणसाकडे दुसरं काय असणार?

तुम्हालाही कुणाच्या साठीला, पंच्याहत्तरीला हे करायचं असेल, तर आधी तारखेचा घोळ समजून घ्या. जन्मदिवसाचा पेपर म्हणजे जन्माच्या आदल्या दिवसाच्या बातम्या. त्या दिवशी जगात काय घडलं ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात सापडतं. त्यातही आवृत्तीचा फरक असतो. शहर आवृत्ती रात्री उशिरा छापायची, पण गावोगावी जाणारी डाक आवृत्ती संध्याकाळीच उरकून एसटीत टाकायचे. अपोलो-11 चं ईगल हे यान चंद्रावर उतरलं आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर, 1 वाजून 47 मिनिटांनी. म्हणजे 21 तारखेची डाक आवृत्ती हाताला लागली, तर तिच्यात यान अजून उतरायचंच असणार. आम्हाला हवा होता 22 चा अंक.

तो मिळाला आत्याच्या ट्रंकेत, तळाला अंथरलेला, वर तिच्या लग्नातला शालू. जुने अंक अशाच जागी असतात: फडताळातल्या कप्प्यात, फोटोच्या चौकटीमागे. नाही सापडला तर जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयात बांधलेल्या फायली विचारा. अंक घडीवर तुटतो, म्हणून तो हातात धरून फडफडवू नका, पाटावर पसरून ठेवा. आणि फाटलं तरी सेलोटेप लावू नका. टेप पिवळी पडते आणि खालची बातमी घेऊन जाते.

आता मथळे निवडायचे. नवशिका माणूस सगळ्यात मोठा मथळा वाचतो आणि थांबतो. चंद्र सगळ्यांना पाठ आहे, त्यावर कोण हसणार? गंमत शेजाऱ्यांत असते. आमच्या अंकात चंद्राखाली दोन बोटांवर ग्रामपंचायतीच्या नळाची तोटी चोरीस गेल्याची बातमी होती. मी दोन्ही सलग, एका सुरात वाचले: मानव चंद्रावर, तोटीचा तपास चालू. घर तिथेच हसत सुटलं. मध्ये टिप्पणी करायची नाही, 'बघा किती मजेशीर' असं तर मुळीच म्हणायचं नाही.

मथळ्याची भाषा ही दुसरी खाण. त्या काळी मथळ्यात माणूस नसायचा. वर गेला तर मानव, खाली पडला तर इसम. चाळिशीच्या बाईला बिनदिक्कत वृद्धा म्हणायचे. (हे वाचताना समोर कोण बसलंय ते बघून घ्या, मी बघितलं नव्हतं.) नाराजी तीव्र असते आणि इशारा गंभीर. जनजीवन विस्कळीत होतं, सुरळीत झालेलं कुणी छापत नाही.

माझा लाडका शब्द 'पोचले'. अपोलोबरोबरच सोव्हिएत रशियाचं लूना-15 हे बिनमाणसाचं यानही चंद्राभोवती फिरत होतं. ईगल परत उडायच्या साधारण दोन तास आधी ते चंद्रावर कोसळलं. रशियाने जाहीर केलं ते असं, की काम पूर्ण झालं आणि यान चंद्राच्या पृष्ठभागावर पोचलं. खोटं काय त्यात? आमच्या घरात तेव्हापासून परीक्षेत कुणी नापास होत नाही, निकालापर्यंत पोचतो.

मग येतात 'शक्यता'वाले मथळे. यांची रीत वेगळी. मथळा वाचायचा, थांबायचं, लोकांना पुढचं ओळखू द्यायचं, मग निकाल सांगायचा. तो आठवडा त्यासाठी सोन्यासारखा होता. 19 तारखेला इंदिराबाईंनी 14 बँका सरकारच्या केल्या, त्यात आपली पुण्याची महाराष्ट्र बँकही. 20 ला हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. 'कोण आलं?' असं विचारलं की निम्मं घर रेड्डी म्हणतं. आले गिरी. यावर जो जाणता 'पण रेड्डी राष्ट्रपती झाले होते ना?' म्हणतो, त्याला लाडू द्या: झाले, आठ वर्षांनी, 1977 मध्ये, आणि तेही बिनविरोध.

बँकांच्या मथळ्यावर आमचे अण्णा रात्रभर झोपले नव्हते, असं आत्याने मध्येच सांगितलं. अण्णांचं कुठल्याच बँकेत खातं नव्हतं. असं कुणी बोलायला लागलं की तुम्ही पेपर खाली ठेवायचा. ट्रान्झिस्टर कुणाच्या ओसरीवर होता, मुंबईतही तेव्हा टीव्ही नव्हता (तो 1972 मध्ये आला), हे सगळं तिच्याकडूनच निघतं.

काय वाचू नये तेही सांगतो. अपघात, विहिरी, जळीत सोडून द्या. पन्नास वर्षांनीही त्या घरातलं कुणीतरी असतं. भावही जपून. 'किती स्वस्ताई होती' म्हणण्याआधी त्याच अंकातली नोकरीची जाहिरात शोधा आणि पगार वाचा.

आणि वाचायला पोराला द्या. चष्मेवाल्या माणसाला अडखळायची लाज वाटते, पोराला नाही. मी शेवटचा, मोठा मथळा भाचीच्या मुलाला दिला. अंकाची घडी नेमकी त्यावरून गेलेली, शेवटचं अक्षर अर्धं उडालेलं. पोरगं मराठी वाचतं ते अंदाजाने. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, ''चंद्रावर पाऊस!''

तीस वर्षांच्या सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पाऊल रे, पाऊल, असं मी म्हणणार, एवढ्यात आत्या कोपऱ्यातून बोलली. तिचं सगळं आयुष्य दुष्काळी आटपाडीत, पाण्याच्या टँकरच्या मागे गेलेलं.

''तिकडंबी पडला का? बरं झालं. आता आमच्याकडं कधी म्हणतोय, ते बघ जरा खाली.''