वावरातून पवित्रतेकडे : गावातल्या कॅथलिक कुटुंबाने प्रार्थनाजीवन कसे जोपासावे

नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे, आणि विदर्भातल्या कॅथलिक कुटुंबाने पवित्रतेचा अभ्यास या संतापासूनच सुरू करावा असे मला मनापासून वाटते. जिनिव्हाचे हे बिशप (१५६७–१६२२) एका संसारी स्त्रीला आध्यात्मिक मार्गदर्शनाची पत्रे लिहीत असत. त्या पत्रांतून आकाराला आलेले त्यांचे पुस्तक १६०९ साली प्रसिद्ध झाले. कारागीर, चाकर, विधवा, गृहिणी अशा प्रत्येकाने आपल्या अवस्थेला, शक्तीला आणि कर्तव्याला साजेल अशी भक्ती करावी, आणि जी भक्ती माणसाचे नेमून दिलेले काम बिघडवते ती खरी भक्तीच नव्हे, हे त्यांचे म्हणणे. जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली पवित्रतेचे पाचारण सर्व ख्रिस्ती लोकांना आहे असे स्पष्ट शिकवले. म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत तासभर ध्यानाला बसता येत नाही अशी खंत करणाऱ्या बाईने धर्मभगिनींच्या मठाचे वेळापत्रक घरी आणू नये. तिच्या दिवसात जी कामे आहेत, त्यांनाच प्रार्थना जोडावी.

सकाळी अंथरुणातून उठताच, चूल पेटवण्याआधी, क्रुसाची खूण करून दिवस प्रभूला अर्पण करावा. हे अर्पण मोघम नसावे. आज निंदणाला जायचे आहे, सोसायटीत कर्जाचे विचारायचे आहे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे आहे, असे एकेक काम नाव घेऊन प्रभूपुढे ठेवावे, कारण नाव घेतलेले काम करताना त्याची आठवण राहते. त्यानंतर त्या दिवसाच्या शुभवर्तमानातल्या पाच-सात ओळी घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि त्यातले एक वाक्य मनात धरून घराबाहेर पडावे. बागेतून निघताना माणूस दोन-चार फुले सोबत घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे सकाळच्या मननातले काहीतरी सोबत न्यावे, असा त्या संतांचाच सल्ला आहे.

वावरात गेल्यावर लांब प्रार्थना जमत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ एवढे एक वाक्य श्वासाबरोबर म्हणता येते. आपल्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. माझी आजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, प्रत्येक तासाच्या तोंडाशी ‘नमो मरिये’ ही मरियेची छोटी प्रार्थना एकदा म्हणत असे आणि तो तास संपेपर्यंत एका माणसाचे नाव मनात ठेवून काम करीत असे. दिवसाला किती माणसांसाठी प्रार्थना झाली हे तिने कधी मोजले नाही. दुपारी बारा वाजता, शिदोरी सोडण्यापूर्वी, झाडाखाली उभे राहून देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणावी. ती जेमतेम दोन मिनिटांची आहे.

संध्याकाळची जपमाळ मात्र कुटुंबाने एकत्र म्हणावी. जपमाळ म्हणताना येशू व मरिया यांच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांचे मनन करायचे त्यांना रहस्ये म्हणतात. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी, असा क्रम आहे. दहा ‘नमो मरिये’ म्हणजे एक दशक, आणि अशा पाच दशकांना साधारण वीस मिनिटे लागतात. लहान मुले पेंगत असतील तर एकच दशक म्हणावे, पण ते घाई न करता, रहस्य डोळ्यांपुढे आणून म्हणावे. मन भटकले तर स्वतःवर चिडू नये. ते हळुवारपणे परत आणावे, आणि पुन्हा गेले तर पुन्हा आणावे. हे परत आणणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

अनेक गावांत फादर महिन्यातून एक-दोनदाच मिस्सासाठी, म्हणजे धर्मगुरूंनीच साजऱ्या करायच्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेसाठी, येतात. उरलेल्या रविवारी काय करावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. धर्मगुरूंअभावी मिस्सात सहभागी होणे अशक्य असेल, तर वचनविधीत, म्हणजे बायबलवाचन व प्रार्थनेच्या उपासनेत, भाग घ्यावा, किंवा वैयक्तिकरीत्या, कुटुंबात अथवा काही कुटुंबांनी मिळून पुरेसा वेळ प्रार्थना करावी, अशी चर्चच्या कायदेसंहितेतच आग्रहाची शिफारस आहे. तेव्हा दोन-तीन घरांनी एका ओसरीवर जमावे, त्या रविवारची वाचने वाचावीत, गावातल्या आजारी माणसांसाठी व पावसापाण्यासाठी विनंत्या कराव्यात, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, प्रत्यक्ष स्वीकारता येत नसले तरी त्याची ओढ शब्दांत मांडून आध्यात्मिक रीतीने प्रभूला अंतःकरणात बोलवावे.

आता ज्या गोष्टीवर बहुतेकांचे पाऊल अडते तिच्याकडे वळतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी सद्सद्विवेकाची तपासणी करावी : आधी दिवसभरातल्या कृपांबद्दल आभार, मग जिथे चुकलो त्याची कबुली, मग क्षमायाचना आणि उद्यासाठी एक नेमका निश्चय. ही तपासणी प्रामाणिक असेल तर आपल्या भागात ती फार लवकर धुऱ्यावर येऊन थांबते. दोन भावांच्या वावरांमधला हातभर धुरा कोणी कोरला, यावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद असलेली, आणि तरीही रोज जपमाळ म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. ते पाहून मला फार वाईट वाटते. वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभू येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. कोणाच्या मनात कोणाविरुद्ध, हे तिथे नीट वाचावे : राग त्याच्या मनात असला तरी जायचे आपणच. समेट म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मोजणी करून घ्यावी, पण मोजणीच्या दिवशी भावाला पाणी विचारावे, त्याच्या मुलीच्या लग्नाला जावे, आणि जपमाळेत त्याचे नाव घ्यावे. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायला, जाताना हे वैर पहिल्यांदा सांगावे. गंभीर पापांची कबुली वर्षातून एकदा तरी देणे बंधनकारक आहे, परंतु ज्याला वाढायचे आहे त्याने फादर गावात येतील तेव्हा ही संधी दवडू नये.

कधी कधी महिनोन्‌महिने प्रार्थनेत गोडी लागत नाही. कर्ज थकलेले असते, पीक हातचे गेलेले असते, आणि शब्द ओठांवरच राहतात. अशा काळात, मन शांत असताना केलेला निश्चय बदलू नये, ही येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांची शिकवण फार उपयोगी आहे. एक दशक ठरले असेल तर एक दशक म्हणावेच. शब्द सुचले नाहीत तर एखादे विलापाचे स्तोत्र उघडून तेच आपले म्हणून वाचावे. आणि मन फारच खचत असेल तर एकट्याने सोसू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरकडे जावे, आणि फादर पुढच्या वेळी येतील तेव्हा मिस्सा संपल्यावर त्यांची पंधरा मिनिटे मागून घ्यावीत. जेवणाच्या गडबडीत ते निघून जाण्याआधी, चर्चच्या पायरीवर असतानाच त्यांना थांबवावे.