नाताळच्या जेवणाचं टेबल घरीच सजवताय? या चुका टाळा

आमच्याकडे वसईत सजावट मांडली जाते चोवीस तारखेच्या संध्याकाळी, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) निघायच्या आधी. मोठं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे ती सजावट रात्रभर समुद्राच्या दमट हवेत टिकली पाहिजे, आणि दुपारी त्याच टेबलावर इंदेलचं (आंबट-तिखट मांसाच्या रश्श्याचं) पातेलं, तळलेले गोल फुगे आणि दहा-बारा ताटं मावली पाहिजेत. मन लावून केलेली सजावट फसताना पाहिली आहे ती बहुतेक या दोन गोष्टींपायीच.

सुरूच्या झाडापासून सुरुवात करते, कारण तो आपल्या किनाऱ्याचा ख्रिसमस ट्री आहे. अर्नाळ्याला, राजोडीला, भुईगावला सुरूखाली पडलेली छोटी खवल्यांची फळं फुकट मिळतात, आणि विकतच्या पाइन कोनपेक्षा मला ती जास्त देखणी वाटतात. चूक होते ती घाईची. ताज्या फळाच्या चोची मिटलेल्या असतात. तसंच फळ आणून फेविकॉलने सजावटीच्या गोल रिंगवर चिकटवलं, की दोन-तीन दिवसांत ते वाळतं, एकेक चोच उघडते आणि आतलं पंखवालं बारीक बी झडायला लागतं. एका वर्षी आमच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ते सगळीकडे पसरलं होतं, सॅलडमध्येसुद्धा. फळं आधी वर्तमानपत्रावर पसरून चार दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास. चोची पूर्ण उघडल्या की कापडी पिशवीत घालून जोरात हलवा. मगच रंग, मगच गोंद.

मैद्याचे तारे मऊ पडतात

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, ही कृती सगळीकडे सापडते. कोरड्या हवेत ती उत्तम. किनाऱ्यावर मात्र मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि खडखडीत भाजलेला तारा आठवड्याभरात हाताला चिकट लागतो. तरीही तो करायचाच असेल, तर १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा, पूर्ण गार करा आणि दोन्ही बाजूंनी व्हार्निश लावा. मागची बाजू बहुतेक जण सोडतात, आणि ओल शिरते तिथूनच.

मी मात्र सोड्याचे करते. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. मंद आचेवर सतत ढवळायचं, कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की उतरवायचं. ओल्या फडक्याखाली गार होऊ द्या, मग मळून अर्धा सेंटीमीटर जाड लाटा. तारे कापून जाळीवर वाळवा आणि दर काही तासांनी उलटा. एकाच बाजूने वाळले तर कडा वर वळतात. रंग न लावताही पांढरेशुभ्र दिसतात, ओव्हन लागत नाही.

लाल मण्यांसाठी गुंजा नकोच

हे कळकळीने सांगते. हिरव्या पानांत लाल गुंजा फार सुंदर दिसतात, म्हणून काही जण त्या वापरतात. गुंजेत अ‍ॅब्रिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. माळ ओवायला भोक पाडलं की कडक सालीचं संरक्षणही जातं. ताटाशेजारी, लहान मुलांच्या हाताशी ती असताच कामा नये. कण्हेरही विषारी, तीही नको. लालपत्ती (पॉइन्सेटिया) कुंडीत, बाजूला शोभते. तिचा चीक त्वचेला चुरचुरतो, म्हणून तोडलेली पानं ताटाभोवती मांडू नका. लाल रंगासाठी पिकलेली बोरं किंवा छोटी डाळिंबं घ्या. चमकीही टेबलावर नको, ती अन्नात उडते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. खुर्चीवर बसून कोपर टेबलावर टेकवा. मनगटाच्या वर जाईल ते मधोमध ठेवू नका, नाहीतर समोरच्या मावशीचा चेहरा दिसत नाही.

मेणबत्त्या. डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी पंखा लागतो, आणि वाऱ्याने मेण एकाच बाजूने ओघळतं. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत बोटभर वाळू घालून त्यात मेणबत्ती रोवा. वाळलेल्या सुरूच्या काड्या चटकन पेट घेतात, त्या ज्योतीपासून चांगल्या वीतभर लांब हव्यात. ग्लू गनचा गोंदही उष्णतेने सुटतो.

एवढं करून मेण सांडलंच, तर ओलं असताना पुसू नका, ते कापडात आणखी मुरतं. बर्फ लावून कडक करा, चमच्याच्या कडेने खरवडा. उरलेल्या डागाच्या वर-खाली कोरा खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कागदाला तेलकट डाग येईनासा होईपर्यंत कागद बदलत राहा.