डेबियन नेटइन्स्टनंतर नेट चालत नाही? रिपॉझिटरीला सगळ्यात शेवटी हात लावा

शाळांनी आणि वाचनालयांनी बाजूला काढलेले जुने डेस्कटॉप मी डेबियन ही लिनक्स सिस्टिम घालून पुन्हा वापरात आणते. त्यासाठी नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर, घेते आणि शेवटच्या निवडीत 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' सोडून सगळ्या खुणा काढते. ३२ बिटची मशीन असेल तर डेबियन १२ बुकवर्म, कारण १३ ट्रिक्सीला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. बाकी सगळीकडे ट्रिक्सी.

मशीन पहिल्यांदा सुरू होते, 'एपीटी अपडेट' (पॅकेजची यादी ताजी करणारी कमांड) फसतं, आणि लोक लगेच रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेज कुठून आणायची ते सांगणारी, फाइल उघडून ओळी बदलायला लागतात. असं करू नका. तार, पत्ता, रस्ता, नाव, घड्याळ आणि मग रिपॉझिटरी, याच क्रमाने वर चढायचं. खालचं काही अडलेलं असेल तर वरची फाइल कितीही सुधारली तरी उपयोग नाही, उलट चांगली फाइल बिघडते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर 'सुडो' बसलेलंच नसतं. म्हणून 'एसयू -' देऊन रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, व्हा. त्यातली आडवी रेघ विसरू नका, नाहीतर एसबिन फोल्डरमधल्या कमांड 'नॉट फाउंड' म्हणतात. 'आयएफकॉन्फिग'ही शोधू नका, ते अशा कमीत कमी पॅकेजच्या इन्स्टॉलमध्ये नसतं.

'आयपी लिंक' द्या. फक्त 'एलओ' (मशीनचं स्वतःपुरतं आभासी कार्ड) दिसलं तर कर्नलला नेटवर्क कार्डच सापडलेलं नाही किंवा त्याचं फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्रॅम) नाही. 'डीएमईएसजी' या कमांडच्या उत्तरात फर्मवेअर हा शब्द शोधा. कार्ड दिसतंय पण 'नो-कॅरियर' असेल तर तार, राउटरचं पोर्ट किंवा स्विच बघा. 'डाऊन' असेल तर 'आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप'. कार्डाचं नाव तुमच्या पडद्यावर दिसेल तेच घ्या.

या नावापाशी जरा थांबा, कारण जुन्या मशीनवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआयची ३ क्रमांकाची बस, एस० म्हणजे स्लॉट शून्य. म्हणजे नाव कार्डाच्या जागेवरून पडतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० होऊ शकतं, आणि /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत मात्र जुनंच नाव राहतं. फाइलीत या दोन ओळी, आजच्या नावासह, असायला हव्यात:

अलाऊ-हॉटप्लग ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी

मग 'आयएफअप ईएनपी३एस०'. 'आयपी ए' दिल्यावर १९२.१६८ सारखा पत्ता दिसला की झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता राउटरने दिलेला नसतो. डीएचसीपीचं, म्हणजे आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेचं, उत्तरच आलेलं नाही. 'आयपी राउट'मध्ये 'डिफॉल्ट व्हाया' ही ओळही, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, हवी.

कार्ड अजिबात हलत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. यूएसबी० किंवा ईएनएक्सने सुरू होणारं नवं कार्ड दिसेल. त्यावर बुकवर्ममध्ये 'डीएचक्लायंट' आणि ट्रिक्सीत 'डीएचसीपीसीडी' ही कमांड, पुढे कार्डाचं नाव. फोन वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही. फर्मवेअर उतरवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता 'पिंग १.१.१.१'. ते चालतं, पण 'पिंग डेब.डेबियन.ऑर्ग' फसतं? मग अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (रिझॉल्व्हच्या शेवटी ई नाही) 'नेमसर्व्हर १.१.१.१' लिहून पाहा. डीएचसीपी ही फाइल पुन्हा लिहू शकतं, म्हणून हा इलाज तात्पुरता धरा. कायमचा राउटरमध्ये करा.

त्यानंतर 'डेट'. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि एपीटी म्हणतं 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. 'डेट -एस'ने तारीख-वेळ बसवा आणि सेल बदला.

एवढं झाल्यावरच /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट उघडा. 'प्लीज इन्सर्ट द डिस्क' असं येत असेल तर 'डेब सीडीरॉम'ने सुरू होणाऱ्या ओळीपुढे # लावा. इन्स्टॉलच्या वेळी मिरर (पॅकेजची प्रत ठेवणारा सर्व्हर) निवडला गेला नसेल तर मुख्य रिपॉझिटरीची ओळ फाइलीत नसते. ट्रिक्सीसाठी या तीन ओळी:

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन ट्रिक्सी मेन नॉन-फ्री-फर्मवेअर
डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन ट्रिक्सी-अपडेट्स मेन नॉन-फ्री-फर्मवेअर
डेब एचटीटीपी://सिक्युरिटी.डेबियन.ऑर्ग/डेबियन-सिक्युरिटी ट्रिक्सी-सिक्युरिटी मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

बुकवर्म असेल तर फक्त नाव बदला. एचटीटीपी बघून घाबरू नका, पॅकेजची खात्री एपीटी सहीवरून करतं. फर्मवेअरचा वेगळा विभाग १२ पासून आला. जुन्या लेखांतली नुसती 'नॉन-फ्री'वाली ओळ उतरवली तर रिअलटेक किंवा इंटेलचं फर्मवेअर सापडणार नाही.

'एपीटी अपडेट' शून्य टक्क्यावर अडून बसलं आणि पडद्यावर कोलनवाला लांबलचक पत्ता दिसत असेल तर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) अर्धवट चालतंय. 'एपीटी -ओ अ‍ॅक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू अपडेट' देऊन पाहा.

वायफायवरून इन्स्टॉल केलं आणि डेस्कटॉप घेतला नाही तर नव्या सिस्टिममध्ये वायफायची सेटिंग अनेकदा उरत नाही. तारेने किंवा फोनने नेट आणा, 'नेटवर्क-मॅनेजर' बसवा आणि 'एनएमटीयूआय' या त्याच्याच मेनूतून वायफाय जोडा. कार्ड 'अनमॅनेज्ड' दिसत असेल तर इंटरफेसेस फाइलीतल्या त्याच्या ओळी काढा आणि मशीन रीस्टार्ट करा. त्या फाइलीत नाव असलेल्या कार्डाला नेटवर्क-मॅनेजर हात लावत नाही. 'एलओ'च्या ओळी मात्र तशाच ठेवा.